दुसरा स्कॅनर जिवंत आहे का?

‘सर्व्हर खोलीतून’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इचलकरंजीत सुताचा व्यापार करणाऱ्या एका पेढीत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी एकटाच. १४० मेलबॉक्स आहेत, सर्व्हर आमचाच. डेबियन लिनक्सवर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, मध्ये मेल तपासून घेणारा अमाविस आणि त्याला जोडलेला क्लॅमएव्ही हा व्हायरस स्कॅनर. गेल्या महिन्यात ‘पेमेंट ॲडव्हाइस’ नावाची झिप फाइल आली. क्लॅमएव्हीने ती सोडली, अकाउंट्समधल्या ताईंनी उघडली. वेळीच नेटवर्कची केबल उपसली म्हणून एका मशीनवर निभावलं. आता शेठ म्हणतात, ‘एकाला दिसत नसेल तर तीन लाव, पैशाचं मी बघतो.’ अँटिव्हायरस विकणारा म्हणतो, एका मशीनवर दोन लावूच नका, भांडतात. सर, खरं काय? लावायचे तर किती आणि कसे? (झिप उघडायला पासवर्ड लागत होता, तो मेलमध्येच लिहिलेला होता. पण तो मुद्दा वेगळा.)

उत्तर : कंसातला मुद्दा वेगळा नाही, खरा मुद्दा तोच आहे. त्याच्याकडे शेवटी येतो. तुम्ही विचारलंय दोन स्कॅनरांबद्दल, आणि त्यावर मी बराच मार खाल्लेला आहे, तर ते आधी.

भांडणाची गोष्ट अर्धी खरी. घरच्या कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. कुठलीही फाइल उघडा, ती आधी त्याच्या हातून जाते. दारात असे दोघे बसवले की पहिला फाइल तपासायला उघडतो, ती कोण उघडतंय म्हणून दुसरा धावतो, आणि मशीन रडायला लागतं. तुमच्या सर्व्हरवर रचनाच निराळी आहे. पोस्टफिक्स मेल घेतो आणि १००२४ नंबरच्या पोर्टवर अमाविसच्या हाती देतो. अमाविस तो मेल सोलतो. जोडलेल्या फाइली सुट्या करतो, झिपच्या आतली झिप उघडतो, सगळे तुकडे एका तात्पुरत्या फोल्डरात मांडतो आणि यादीतल्या एकेका स्कॅनरला बोलावून विचारतो, ‘बघ रे, यात काही आहे का?’ उत्तर आलं की मेल १००२५ वरून पोस्टफिक्सकडे परत. इथले स्कॅनर हे बोलावल्यावर येणारे डॉक्टर आहेत, दारवान नव्हेत. त्यामुळे दोन असोत की चार, ते एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. मार्क मार्टिनेक यांच्या अमाविसडी-न्यूमध्ये (तुमचा अमाविस तोच) स्कॅनरांची मुळात यादीच असते. साउदम्प्टन विद्यापीठातल्या ज्युलियन फील्ड यांच्या ‘मेलस्कॅनर’ नावाच्या तशाच प्रोग्रॅममध्येही तेच. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरसाठी पूर्वी फोरफ्रंट मिळायचं, ते तर एका मेलवर पाचपर्यंत इंजिनं चालवायचं. तुमच्या शेठना जे आज सुचलं त्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी पूर्वीच पैसे खर्च केलेत.

भांडण लागतं ते एकाच वाटेने. दुसरा स्कॅनर विकत घेतला, इन्स्टॉल करताना नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलो आणि त्याचं ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’ चालू राहिलं. मग बोलावलेला डॉक्टर दारवानही होतो. अमाविसच्या फोल्डरात तुकडा पडला रे पडला की हा तो उचलून नेतो. त्याच क्षणी क्लॅमएव्ही वाचायला जातो, फाइल जागेवर नाही. तपासणी फसली म्हणून मेल पुन्हा रांगेत, काही मिनिटांनी पुन्हा तोच तमाशा. म्हणून सर्व्हरवर ते संरक्षण बंद ठेवा. कुणी ऐकतच नसेल तर निदान अमाविसचं तात्पुरतं फोल्डर, पोस्टफिक्सचा स्पूल (मेलची रांग असते ते फोल्डर) आणि क्वारंटाइन (अडवलेले मेल ठेवतात ते) एवढ्या तीन जागा त्यातून वगळा.

आता माझी फजिती सांगतो. एका रुग्णालयाचा मेल सर्व्हर माझ्याकडे होता. दोन स्कॅनर लावलेले, एक क्लॅमएव्ही, दुसरा पैसे भरून घेतलेला. एका शनिवारी रात्री सर्व्हर अपग्रेड केला. त्यात दुसरा स्कॅनर ज्या युजरच्या नावाने चालायचा तो युजर अमाविसच्या ग्रुपमधून गळाला. आता त्याला तुकड्यांचं फोल्डर वाचताच येईना. प्रत्येक मेलला तो ‘परमिशन डिनाइड’ म्हणायचा, अमाविस लॉगमध्ये ‘स्कॅनर फेल्ड’ अशी एक ओळ टाकायचा, पहिल्याचं उत्तर पुरेसं मानायचा आणि मेल पुढे सोडायचा. असं सात महिने चाललं. दर महिन्याच्या अहवालात मी ‘दोन्ही स्कॅनर कार्यरत’ असं लिहीत होतो. मधल्या काळात लायसन्सचं नूतनीकरणसुद्धा करून घेतलं, पावती आहे. कळलं कसं, तर डिस्क भरत आली आणि लॉग एवढे का फुगलेत म्हणून बघायला गेलो तेव्हा. स्क्रीनभर तीच ओळ, खाली जावं तितकी तीच. चूक ना स्कॅनर विकणाऱ्याची ना रुग्णालयाची. ती ओळ वाचायचे पैसे मला मिळत होते.

हे असं का होतं, तर अमाविसकडे दोन याद्या असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य यादीतल्या सगळ्यांना तो विचारतो, पण त्यातल्या एकाने जरी धड उत्तर दिलं तरी मेल तपासून झाला असं धरतो. मुख्य यादीतले सगळेच गप्प बसले तर राखीव यादी उघडतो. बरेच जण नवा स्कॅनर राखीव यादीत टाकतात आणि दोन डोळे झाले असं समजतात. ती स्टेपनी आहे, चाक पंक्चर झाल्याशिवाय खाली उतरत नाही. तुमच्या डेबियनच्या राखीव यादीत बहुधा क्लॅमस्कॅन असेल, तोही क्लॅमएव्हीच. फरक एवढाच की दर वेळी तो व्हायरस ओळखायच्या सगळ्या खुणा नव्याने मेमरीत भरतो, त्यामुळे कमालीचा संथ.

तुमच्या दुसऱ्या स्कॅनरने रोज काम केलं पाहिजे, म्हणून त्याला मुख्य यादीतच ठेवा. आणि ‘फर्स्ट इन्फेक्टेड स्टॉप्स स्कॅन’ हे सेटिंग बघा. ते चालू असेल तर पहिल्याला व्हायरस सापडताच दुसऱ्याला विचारलंच जात नाही. वेळ वाचतो, खरं आहे. पण दुसऱ्याने वर्षभरात किती पकडले हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पैसे भरायचे की नाही हे ठरवायला तोच एक आकडा लागतो. १४० मेलबॉक्सना वेळेची चणचण नाही, बंद ठेवा.

चाचणी अशी घ्या. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते. ती व्हायरस समजून पकडायची असं अँटिव्हायरसवाल्यांनी आपसांत ठरवलेलं आहे. ती नुसती पाठवून ‘पकडली, झालं’ म्हणू नका, ती पहिल्यानेच पकडलेली असते. पहिला यादीतून काढा, फाइल पाठवा. पहिला परत ठेवा, दुसरा काढा, पुन्हा पाठवा. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक अपग्रेडनंतर, न चुकता. शिवाय लॉगमध्ये ‘स्कॅनर फेल्ड’ दिसलं की मोबाइलवर मेसेज येईल एवढी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा. (ही फाइल मी गमतीने या लेखासोबत संपादकांना जोडून पाठवली होती. मेल त्यांच्यापर्यंत गेला नाही, म्हणजे मासिकाचा सर्व्हर ठीक आहे.)

आता दोघेही एकदम बंद पडले तर? हे घडतं. क्लॅमएव्हीवाल्यांनी सहा महिने आधी जाहीर करून १५ एप्रिल २०१० रोजी ०.९४ आणि त्याआधीच्या आवृत्त्या एका खास अपडेटने बंदच केल्या. ज्यांनी जाहीर सूचना वाचली नव्हती त्यांचे मेल त्या दिवशी जागच्या जागी थांबले. १ जानेवारी २०२२ ला एक्स्चेंजचं झालं. त्यातल्या मालवेअर इंजिनच्या अपडेटचा आकडा तारखेवरून बनायचा, त्या दिवशी तो झाला २२०१०१०००१. आणि ज्या खान्यात तो ठेवायचा त्यात २१४७४८३६४७ च्या पुढे काही मावत नव्हतं. इंजिन कोसळलं आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा जगभर रांगेत अडकून पडल्या. अशा वेळी मेल न तपासता सोडायचा की थांबवायचा, हे आज ठरवा, त्या दिवशी नाही. अमाविसमध्ये त्यासाठी ‘व्हायरस स्कॅनर्स फेल्युअर इज फेटल’ असं सेटिंग आहे. माझं मत, तुमच्या पेढीसाठी थांबवा. पोस्टफिक्स आपल्या रांगेत मेल पाच दिवस सांभाळतो, पाठवणारे सर्व्हरही पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, त्यामुळे चार तासांच्या खोळंब्याने एकही मेल हरवत नाही. शेठचा फोन येईल, तो घ्यायचा.

दुसरा कुठला घ्यायचा? नाव बघू नका, आतलं इंजिन कुणाचं ते विचारा. एकच इंजिन अनेक लेबलांखाली विकलं जातं. बिटडिफेंडरचंच घ्या, एमसिसॉफ्ट आणि जी डेटा ही नावं वेगळी असली तरी त्यांच्या पोटात तेच इंजिन आहे. अशा दोघांना शेजारी बसवणं म्हणजे एकाच वर्गात एकाच गाइडवरून अभ्यास केलेल्या दोन पोरांना तोच प्रश्न विचारणं. क्लॅमएव्हीचं इंजिन स्वतःचं आहे, त्यामुळे त्याच्या जोडीला कुठलंही परकं इंजिन चालेल. लिनक्सवर फुकट मिळणाऱ्यांचे दिवस मात्र सरत आले, एफ-प्रॉटसुद्धा २०२१ मध्ये बंद झाला. खर्च करण्याआधी क्लॅमएव्हीलाच सेनसिक्युरिटी नावाच्या बाहेरच्या गटाच्या खुणा जोडून बघा, त्या मेलमधल्या घाणीसाठीच बनवलेल्या असतात. त्या कधीकधी साध्या मेललाही चावतात, म्हणून त्यातल्या काहींवर थेट अडवू नका. अमाविसमध्ये व्हायरसच्या नावाला स्पॅमचे गुण देता येतात, ती सोय वापरा.

आणि तिसरा? नको. याची दोन कारणं. एक, मेमरी. क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीचा सतत चालू राहणारा भाग, एकटा एक जीबीच्या वर खातो. नव्या खुणा आल्या की जुन्या न टाकता नव्या शेजारी भरतो, म्हणजे थोडा वेळ दुप्पट. चार जीबीच्या मशीनवर आणखी दोघे आले की लिनक्स सगळ्यात लठ्ठ प्रोसेस हेरून मारतो, आणि ती नेमकी क्लॅमडी असते. दुसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. स्कॅनर हासुद्धा परक्याची फाइल उघडणारा प्रोग्रॅमच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लॅमएव्हीत ॲपलच्या एचएफएस प्लस प्रकारच्या डिस्कच्या फाइली वाचणाऱ्या भागात भोक सापडलं. मुद्दाम बिघडवलेली फाइल नुसती तपासायला आली तरी हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. २०१६ मध्ये गुगलच्या टॅव्हिस ऑर्मंडींनी सिमँटेकच्या इंजिनात तसंच काही दाखवलं होतं, तिथेही मेल येऊन पडणं पुरेसं होतं, कुणी उघडायची गरज नव्हती. प्रत्येक नवा स्कॅनर म्हणजे बाहेरून येणारं काहीही चाखून बघणारा आणखी एक माणूस. जितके चाखणारे तितकी विषबाधेची शक्यता जास्त. दोघे पुरे, आणि दोघांनाही वेळच्या वेळी अपडेट.

आता तुमचा कंस. पासवर्ड घातलेली झिप कुलूपबंद पेटी असते. क्लॅमएव्हीला किल्ली माहीत नव्हती. शेठनी सांगितलेल्या तिघांनाही ती माहीत नसती. तिघांनीही पेटी हलवून ‘आत काही दिसत नाही’ म्हटलं असतं. इमोटेट नावाचा व्हायरस पसरवणाऱ्या टोळीने हीच युक्ती वापरली, झिपला पासवर्ड आणि पासवर्ड खाली मजकुरात. माणूस तो वाचून टाइप करतो, स्कॅनर करत नाही.

म्हणून शेठच्या पैशाला हात लावण्याआधी एक बिनपैशाचं काम करा. क्लॅमएव्हीत ‘अलर्ट एन्क्रिप्टेड आर्काइव्ह’ चालू करा. कुलूपबंद झिप मग ताईंच्या इनबॉक्सऐवजी क्वारंटाइनमध्ये जाईल आणि त्या तुम्हाला फोन करून मागतील. शेजारीच ‘अलर्ट एन्क्रिप्टेड डॉक’ आहे, त्याला हात लावू नका. बँकांची स्टेटमेंट पासवर्डवाल्या पीडीएफमध्ये येतात, ती सगळी अडकली तर महिनाअखेरीला अकाउंट्सवाले तुम्हाला केबिनमध्ये कोंडतील. त्यापाठोपाठ अमाविसच्या बंदी यादीत ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके (शॉर्टकट), आयएसओ (डिस्कची नक्कल) आणि ‘.one’ (वननोट) या प्रकारच्या फाइलींची भर घाला. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो (फाइलीतच बसवलेले छोटे प्रोग्रॅम) आपोआप अडवायला सुरुवात केली, तेव्हा व्हायरस पाठवणारे आयएसओ आणि एलएनकेकडे वळले, २०२३ च्या सुरुवातीला वननोटच्या फाइलींकडे. सुताच्या पेढीला मेलवरून आयएसओ फाइल कोण कशाला पाठवेल? बंदी यादीला व्हायरस नवा की जुना याच्याशी काही घेणं नसतं, म्हणून ती मला स्कॅनरांपेक्षा जवळची वाटते.

प्रश्न : कराडच्या एका कॉलेजात सर्व्हर बघतो. व्हायरस सापडला की पाठवणाऱ्याला तशी सूचना जाते, शिष्टाचार म्हणून ठेवलीय. दुसरा स्कॅनर लावल्यापासून दोन-दोन सूचना जातात. एक बंद कशी करू?

उत्तर : दोन्ही बंद करा, आजच. तुम्ही ज्याला कळवताय त्याने तो मेल पाठवलेलाच नसतो. ऑगस्ट २००३ मधल्या सोबिग-एफने आणि जानेवारी २००४ मधल्या मायडूमने, या दोन व्हायरसांनी, पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याचेच पत्ते घातले होते. जगभरच्या सभ्य सर्व्हरांनी त्या बिचाऱ्यांना ‘तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे’ असं लाखोंनी कळवलं. तेव्हा माझ्या स्वतःच्या इनबॉक्सात व्हायरसपेक्षा या सूचनाच जास्त होत्या. मेल घेतानाच, समोरचा सर्व्हर जोडलेला असताना नकार देता येत असेल तर द्या, तो योग्य ठिकाणी जातो. एकदा घेतला की मग चुपचाप क्वारंटाइन. कळवायचंच असेल तर तुमच्या कॉलेजातल्या, ज्याला मेल आला त्याला कळवा.

प्रश्न : सासरे म्हणतात, लॅपटॉपवर दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा. पटत नाही, पण वाद कोण घालणार? (एक सूनबाई, वेंगुर्ला)

उत्तर : वाद नको. वरचं दारवानांचं वर्णन त्यांना वाचून दाखवा. विंडोजला हे आधीच कळलेलं आहे. दुसरा अँटिव्हायरस बसवला की त्यातला डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो.

प्रश्न : नाशिकला आमची सीएची फर्म आहे. संशयास्पद अटॅचमेंट आली की आमचा मुलगा ती व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाकतो. तिथे ७० च्या वर स्कॅनर आहेत म्हणे. मग आपल्या सर्व्हरवर दोन लावायची गरजच काय?

उत्तर : मुलाला आधी थांबवा. व्हायरसटोटल उत्तम सेवा आहे. स्पेनमध्ये मालागाला २००४ मध्ये सुरू झाली, २०१२ पासून गुगलची आहे. पण तिथे टाकलेली फाइल अँटिव्हायरस कंपन्यांना दिली जाते आणि पैसे भरणाऱ्या सदस्यांना ती उतरवून घेता येते. त्यासाठीच तर ती चालते. संशयास्पद वाटलेली फाइल शेवटी खरीच निघाली, तर तुमच्या अशिलाचा ताळेबंद तुम्ही स्वतःच्या हाताने परक्यांना वाटलात.

फाइल न देताही विचारता येतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल (certutil) या आज्ञेला ‘-hashfile’ सांगा, पुढे फाइलचं नाव आणि शेवटी SHA256. ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. व्हायरसटोटलच्या शोधपेटीत तेवढाच चिकटवा. हीच फाइल आधी कुणी टाकली असेल तर सगळ्या इंजिनांचं मत समोर येईल. ‘सापडलं नाही’ असं आलं, तर फाइल स्वच्छ आहे असं समजू नका. ही फाइल तिथे कुणी टाकलेली नाही, एवढंच त्यातून कळतं. अशिलाचा नंबर तुमच्या जुन्या वहीतून काढा, मेलच्या तळाशी लिहिलेला नको, आणि विचारा, ‘हे तुम्हीच पाठवलंत का?’